४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. द्विमान पद्धतीत तिच्या दोन टोकांना १ आणि मधे ३१ शून्ये असतात. गणिताच्या इतिहासात तिला मान आहे तो एका थोर गणितज्ञाचा अंदाज तिने खोटा पाडला म्हणून.

२ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचे आणि प्रत्येक वेळी १ मिळवायचा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. ही मालिका पुढेही अशीच चालेल, असे पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले. सिद्धता मात्र आपल्याजवळ नाही हेही त्याने कबूल केले. मालिकेतल्या या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात आणि त्यांचे क्रमांक शून्यापासून मोजतात, म्हणून मालिकेतली ही सहावी संख्या ‘पाचवी’ ठरते. गणितज्ञ गोल्डबाखने १७२९ मध्ये हा प्रश्न लिओनार्ड ऑयलरपुढे ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

उजवीकडचे दोन्ही विभाजक मूळ आहेत. ऑयलरने भागाकार अंदाधुंद केले नव्हते. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ उरते, हे त्याने ओळखले. मग तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७ एवढेच उरतात आणि लगेच ६४१ येतो. चार-पाच भागाकारांचे काम, तरी मधे ९० वर्षे गेली.

प्रत्यक्ष भागाकार न करताही हे पटवता येते, आणि ती युक्ती फार देखणी आहे. ६४१ = ५ × १२८ + १, तसेच ६४१ = ६२५ + १६. आता ६४१ ने भागल्यावरची बाकी पाहू. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ची बाकी −१ (म्हणजे ६४१ ला एक कमी). म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ६२५ आणि २ चा २८वा घात यांच्या गुणाकाराची, बाकी १. दुसऱ्या रूपामुळे ६२५ च्या जागी −१६ धरता येतो. १६ ला २ च्या २८व्या घाताने गुणले की २ चा ३२वा घातच मिळतो. तेव्हा त्याची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५,५३६ व १ यांचे वर्ग, किंवा ६२,२६४ व २०,४४९ यांचे वर्ग. मूळ संख्येला असा एकाहून अधिक प्रकार नसतो, म्हणजे ती संयुक्त (मूळ नसलेली) असल्याचा हा वेगळा पुरावा झाला.

पुढच्या फर्मा संख्यांपैकी एकही मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सर्व संयुक्त आहेत.

भूमितीतही तिची गाठ पडते. गाउसने १७९६ मध्ये पट्टी-कंपासने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. ही अट अनिवार्य असल्याचे गणितज्ञ वांत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. पहिल्या पाचही संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो. तेवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. आणखी दोन बाजू वाढवल्या की येत नाही.