टाचेमागची शीर दुखतेय आणि जानेवारीत पळायचंय

गणपती गेले की उपवन तलावाकडून येऊरच्या चढावर सकाळी गर्दी वाढू लागते. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि ठाण्यातले बरेचसे पळणारे तिचाच हिशेब धरून किलोमीटर वाढवत नेतात. मग नवरात्राच्या आसपास, पळून झाल्यावर चहाला थांबलेल्या टोळक्यात कुणीतरी हटकून विचारतं : सकाळी उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं टाच टेकवत नाही, मागची शीर आखडलेली असते. पळायला लागलं की दोनेक किलोमीटरमध्ये दुखणं पळून जातं. संध्याकाळी पुन्हा ठणकतं. पळू की थांबू?

एकजण सांगतो, महिनाभर पूर्ण विश्रांती घे. दुसरा सांगतो, अरे सगळ्यांचंच दुखतं, बर्फ लाव आणि पळ. दोघेही मनापासून सांगत असतात आणि माझ्या मते दोघेही चुकतात. ही शीर नुसत्या आरामाने सुधारत नाही, आणि दुर्लक्षाने तर नाहीच. तिला भार लागतो. फक्त तो मापून द्यावा लागतो, आणि माप बरोबर होतं की नाही हे पळताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

जिला आपण सरसकट शीर म्हणतो ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचे दोन स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याखालचा सोलियस, खाली येत येत एकत्र होतात आणि एका जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. ही अकिलीस कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा आहे. पळताना प्रत्येक पावलाला तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. सत्तर किलोच्या माणसात तो जवळजवळ अर्ध्या टनापर्यंत जातो. साध्या वेगाने पळणारा माणूस एका किलोमीटरमध्ये हजाराच्या आसपास पावलं टाकतो, म्हणजे एका पायाला पाचशे. हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरमध्ये एकेका पायाची कंडरा दहा हजारांहून जास्त वेळा ताणली जाते आणि सैल होते.

एवढा ताण ती नुसता सोसत नाही, वापरतेही. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याचा हिशेब मांडला होता. सत्तर किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने पळत असेल, तर प्रत्येक पावलात शरीराची सुमारे १०० ज्यूल ऊर्जा जाते आणि परत मिळवावी लागते. त्यातली ३५ ज्यूल अकिलीस कंडरा ताणली जाताना साठवते आणि पाय उचलताना बरीचशी परत करते. तळपायाची कमान आणखी १७ ज्यूल साठवते. जवळजवळ निम्मं काम स्नायूंना फुकटात मिळतं. माणूस इतक्या लांबवर पळू शकतो याचं एक कारण हेच.

मग ती दुखते का? पूर्वी समजूत अशी होती की कंडरेला सूज येते, जसा मुका मार लागल्यावर घोटा सुजतो. नव्वदच्या दशकात अशा जुनाट दुखण्यांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा तिथे नेहमीच्या सुजेतल्या पेशी फारशा सापडल्याच नाहीत. सापडलं ते निराळंच. कोलॅजेन या प्रथिनाचे जे तंतू एरवी एका दिशेने घट्ट लागलेले असतात, ते विस्कटलेल्या वेणीसारखे झालेले. मध्ये जास्तीचं पाणी धरून ठेवणारे रेणू, आणि जिथे एरवी रक्तवाहिन्या कमीच असतात तिथे नव्याने शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत चेतातंतू. कंडरा जाड होते, चिमटीत धरली तर गाठ लागते, पण त्या जाडीत ताकद नसते. बर्फाने आणि सूज उतरवण्याच्या गोळ्यांनी वेदना थोडी बोथट होते, तंतू काही सरळ होत नाहीत.

आरामाने होतात का? इथे मला फार आवडणारा एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाने उघड्यावर अणुचाचण्या केल्या आणि हवेतल्या कार्बन-१४चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. तो झाडांत गेला, अन्नात गेला, माणसांत गेला. उघड्यावरच्या चाचण्या थांबवणाऱ्या १९६३च्या करारानंतर तो हळूहळू उतरू लागला. म्हणजे शरीरातला कोणताही भाग घेऊन त्यातला कार्बन-१४ मोजला, तर तो भाग साधारण कोणत्या वर्षी घडला हे सांगता येतं. काटिया हाइनेमायर आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरांवर हेच केलं आणि २०१३ साली निष्कर्ष छापला : कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. स्नायू मात्र आयुष्यभर नवे होत राहतात. चाळिशीत पळायला लागलेला माणूस ज्या कंडरेवर उड्या मारतो, तिचा गाभा त्याच्या दहावी-बारावीच्या दिवसांतला असतो.

महिनाभर पाय वर करून बसल्याने हा गाभा नवा होणार नाही, हे यावरून उघड आहे. उलट भार गेला की पोटरी अशक्त होते आणि कंडरेचा ताठपणाही कमी होतो. महिन्याने दुखणं थांबलेलं असतं, माणूस खूश होऊन पुन्हा येऊर चढतो, आणि दोन आठवड्यांत तो त्याच टोळक्यात तोच प्रश्न विचारत असतो. करता येतं ते एवढंच की बिघडलेल्या भागाच्या आजूबाजूचे चांगले तंतू आणि पोटरीचे स्नायू इतके बळकट करायचे की एकूण भार त्यांना पेलावा.

हे कसं करायचं, याचा शोध विचित्र रीतीने लागला. स्वीडनमधल्या उमिओचे अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांची अकिलीस दुखायची. आपल्यावर शस्त्रक्रिया करा, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठ नाही म्हणाले. तर मग कंडरा तुटेपर्यंत छळू, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, या जिद्दीने आल्फ्रेडसन पायरीच्या कडेवर उभे राहून दुखणारी टाच जोर लावून खाली सोडत राहिले. कंडरा तुटली नाही, बरी झाली. १९९८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हौशी पळणाऱ्या १५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनी पंधराही जण पूर्वीसारखे पळत होते.

त्यांची पद्धत सोपी आहे, कंटाळवाणीही. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, आणि दुखऱ्या एकाच पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५चे तीन संच, गुडघा किंचित वाकवून १५चे तीन संच, कारण वाकलेल्या गुडघ्यात सोलियसला जास्त काम पडतं. हे सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १८० वेळा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. सोसायटीचा जिना पुरतो. पुढे २०१५ साली डेन्मार्कमध्ये याची तुलना जिममध्ये जड वजन घेऊन अगदी हळू, आठवड्यातून तीनदा करायच्या व्यायामाशी झाली. फायदा दोन्हींचा जवळपास सारखाच निघाला. दिवसातून दोनदा जिन्यावर उभं राहणं ज्यांना जमत नाही, त्यांना ही सवलत मोठी आहे.

एक फरक मात्र आधी तपासून घ्या. दुखणं टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर असेल, तर वरची पद्धत लागू. ते कंडरा हाडाला मिळते तिथेच असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नये. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणं चिघळतं. अशांनी सपाट जमिनीवरच टाच वर-खाली करावी आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणण्याचा आवडता व्यायामही सध्या ठेवून द्यावा. घरात फरशीवर अनवाणी फिरण्याऐवजी थोडी टाच असलेली मऊ चप्पल घातली तर अशा लोकांना लवकर बरं वाटतं.

आता मूळ प्रश्न : या बारा आठवड्यांत पळायचं की नाही? स्वीडनमध्येच कारिन सिल्बरनागेल यांनी ३८ रुग्णांचे दोन गट केले. व्यायाम दोघांना तेच. एका गटाने पहिले सहा आठवडे पळणं बंद ठेवलं, दुसरा पळत राहिला, पण वेदनेची पट्टी पाळून. २००७ साली आलेल्या निकालात दोन्ही गट सुधारले होते आणि पळत राहिलेल्यांचं त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. पट्टी अशी : शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. पळताना आणि नंतर दुखणं पाचापर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. आणि सकाळचा आखडलेपणा आठवड्यागणिक वाढता कामा नये.

सकाळच का? कारण पळताना कंडरा गरम होते, दुखणं दबतं आणि आपण फसतो. शिवाय कोलॅजेनचं गणित सावकाश चालतं. जोरदार व्यायामानंतर त्याची मोडतोड आणि नवी जुळणी दोन्ही वाढतात, पण पहिला साधारण एक ते दीड दिवस मोडतोड पुढे असते. जुळणी वरचढ होते ती त्यानंतर. रोज पळणारा तुटीतच राहतो. म्हणून दुखणाऱ्याने एक दिवसाआड पळावं, आणि मधल्या दिवशी सायकल चालवावी किंवा तरणतलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यातच पळावं. दम कमी होईल ही भीती असते. एडवर्ड कॉइल यांच्या १९८४च्या अभ्यासात मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे सात टक्केच घसरली होती. सायकल चालू असेल तर तेवढीही भीती नको.

किलोमीटर किती वाढवावेत? ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली आणि २००८ साली निकाल आला : नियम पाळणारे आणि न पाळणारे, दोन्ही गटांत दुखापती सारख्याच, सुमारे २० टक्के. २०२५ साली पाच हजारांहून जास्त पळणाऱ्यांच्या घड्याळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात धोका निराळ्या ठिकाणी दिसला. मागच्या तीस दिवसांत जे सर्वांत लांब पळालात, त्याहून एकाच वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पळालात, की दुखापतीची शक्यता वाढते. म्हणजे घात करतो तो रविवार. आदल्या महिन्यात बाराच्या वर न गेलेला माणूस मित्रांबरोबर नवी मुंबईला जातो, पाम बीच रोडचा सरळ सपाट रस्ता बघून मोह आवरत नाही, आणि अठरा करून येतो.

पाम बीच मात्र टाचेच्या दुखण्याला येऊरपेक्षा बरा. चढावर पाऊल घोट्यातून वरच्या बाजूला जास्त वाकतं, पोटरीला जास्त ढकलावं लागतं आणि कंडरा जास्त ताणली जाते. वेग वाढला तरी तेच होतं. म्हणून पहिले काही आठवडे चढ आणि धावपट्टीवरचे जोराचे फेरे बंद, सपाट आणि संथ पळणं चालू. बुटाच्या दृष्टीने टाच थोडी उंच असलेला जोड बरा. अगदी सपाट तळाच्या बुटांची हौस नंतर भागवता येईल.

गोळ्यांबद्दल मी थोडा कडक आहे. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक घेऊन उभं राहणारे दर वर्षी दिसतात. वेदना हेच आपल्याजवळचं एकमेव माप, आणि गोळी नेमकं तेच पुसून टाकते. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने पाणी कमी झालेल्या शरीराला ते परवडत नाही. आणखी एक गोष्ट पळणाऱ्यांमध्ये फारशी बोलली जात नाही : पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली की घेतलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच कुळातली प्रतिजैविकं कंडरा कमकुवत करतात, क्वचित तोडतातही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांना ‘मी पळतो आणि माझी अकिलीस दुखते’ हे सांगून दुसरं औषध मागणं अगदी रास्त आहे. मधुमेह असेल तर तेही सांगा, त्याचाही कंडरेशी संबंध आहे.

पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्‌कन आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर ही वरची कोणतीही गोष्ट लागू नाही. पालथं झोपवून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी दिनदर्शिका बघावी. कोजागरीला जिन्यावरचा व्यायाम सुरू केला, तर बारा आठवडे शर्यतीच्या थोडे आधी किंवा तिला चिकटूनच संपतात. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनसाठी लागणारे तीस-बत्तीस किलोमीटरचे रविवार या हिशेबात बसत नाहीत, हाफचे सोळा-अठरा बसू शकतात, आणि दहा किलोमीटर आरामात. ज्याची सकाळ डिसेंबरच्या मध्यावरही लंगडतच उजाडते आहे, त्याने दहाच पळावेत आणि पायऱ्या चालू ठेवाव्यात.