गेम फेअर

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात जुन्या जमीनदारी इस्टेटींच्या माळांवर भरणारा मेळा. शिकार, गळाची मासेमारी, शिकारी कुत्री, ससाणे आणि रानाशी निगडित हस्तकला हे त्याचे मुख्य विषय. इंग्रजी कायद्याच्या भाषेत ‘गेम’ म्हणजे हंगाम ठरवून ज्यांच्या शिकारीला मुभा आहे असे पक्षी आणि प्राणी. १८३१ च्या गेम अ‍ॅक्टने या पक्ष्यांचे बंद हंगाम, म्हणजे शिकारीला मनाई असलेले महिने, ठरवले आणि ती चौकट इंग्लंडमध्ये बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. रेड ग्राउझ हा माळरानावरचा पक्षी १२ ऑगस्टला खुला होतो, तितर १ सप्टेंबरला आणि फेझंट हा लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा पक्षी १ ऑक्टोबरला. इंग्लंडमधला मुख्य मेळा जुलैअखेर भरतो, म्हणजे हंगाम तोंडावर आलेला असतो पण सुरू झालेला नसतो. मेळ्यात शिकार होत नाही. बंदुकांचे बार दिवसभर ऐकू येतात, ते हवेत भिरकावलेल्या तबकड्यांवर काढलेले असतात.

पहिला गेम फेअर १९५८ साली न्यूमार्केटजवळच्या स्टेचवर्थ इस्टेटीवर भरला. तो भरवला कंट्री लँडओनर्स असोसिएशन या जमीनमालकांच्या संघटनेने. शिकारी पक्ष्यांची निगा कशी राखावी, रान कसे सांभाळावे, हे जमीनमालकांना आणि त्यांच्या गेमकीपरांना, म्हणजे रान व शिकारी पक्षी सांभाळणाऱ्या नोकरांना, एकत्र दाखवावे, हा मूळ हेतू होता. पुढे मेळा दरवर्षी वेगळ्या इस्टेटीवर हलू लागला. ब्लेनहाइम पॅलेस, हेअरवुड हाउस, बेलव्हॉर कॅसल, रॅगली हॉल अशी त्याची मुक्कामाची ठिकाणे. हेअरवुडचा वाडा वेस्ट इंडीजमधली साखर आणि गुलामांचे श्रम यांतून आलेल्या पैशावर उभा राहिला. अशा हिरवळींवर फिरताना हे ठाऊक असलेले बरे. याच हेअरवुडचा २००७ चा मेळा पावसाने माळ चिखलात गेल्यामुळे रद्द करावा लागला. संघटनेने भरवलेला शेवटचा मेळाही २०१५ साली तिथेच झाला. २०१६ पासून तो खासगी आयोजकांकडे आहे. तीन दिवसांत लाखाच्या वर माणूस येऊन जातो. तंबूंच्या गल्ल्या, मधोमध मोठे रिंगण, कडेला तळे किंवा नदी आणि दूर वाडा, असा एकंदर नकाशा असतो.

नवखा माणूस बहुधा आधी बंदुकांच्या रांगेत शिरतो. वेस्टली रिचर्ड्स (१८१२), पर्डी (१८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५) ही नावे भारतातल्या जुन्या संस्थानी शस्त्रागारांतही सापडतात, कारण राजेरजवाडे हे या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. दुनळीचा अक्रोडाचा दस्ता गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या आणि हाताच्या मापाने घडवतात. चाप, घोडे आणि नळ्या यांचे सांधे हाताने घासून असे बसवतात की फट डोळ्याला दिसत नाही. शेजारी तबकड्यांचे मैदान असते. डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी यंत्रातून सुटते आणि नेमबाजाला दोन-तीन सेकंद मिळतात. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरे पिंजऱ्यातून सोडत. ब्रिटनमध्ये १९२१ च्या कायद्याने ते बंद झाले. ज्याने कधी बंदूक हातात धरलेली नाही त्यालाही इथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चार-दोन काडतुसे उडवून पाहता येतात.

पण गेम फेअर समजून घ्यायचा असेल तर बंदुकांपाशी फार वेळ घालवू नये. बंदूक विकत मिळते. रान राखणे, कुत्रा घडवणे, पक्ष्याला हातावर बसवणे यांना वर्षे द्यावी लागतात, आणि ही वर्षे दिलेली माणसे या तीन दिवसांत एका माळावर भेटतात. त्यांतले बरेचसे मालक नसतात, पगारी राखणदार असतात, हंगामात रोजावर रान उठवणारे हाकेकरी असतात. मेळ्याचे खरे मोल त्यांच्यामुळे आहे.

कुत्र्यांचे रिंगण हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचे संघ इथे गनडॉगांच्या, म्हणजे पाडलेला पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्यांच्या, स्पर्धेत उतरतात. काळा लॅब्राडॉर मालकाच्या डाव्या पायाशी बसलेला असतो. समोर बार निघतो, पक्ष्याच्या जागी वापरायची कॅनव्हासची डमी हवेतून गवतात पडते. कुत्र्याचे अंग ताठ होते, कान उभारतात, पण तो जागचा हलत नाही. नाव उच्चारल्याशिवाय निघायचे नाही, हा पहिला धडा, आणि तोच सर्वांत अवघड. कधी डमी कुत्र्याच्या नकळत लपवलेली असते. मग शिट्टीचा एक लांब सूर म्हणजे थांब आणि वळून पाहा, हात उजवीकडे म्हणजे उजवीकडे, तोकड्या शिट्ट्या म्हणजे परत ये. शंभर-दीडशे पावलांवरचा कुत्रा आणि माणूस यांच्यातले हे बोलणे पाहताना गर्दी गप्प होते. जबडा मऊ असणे हाही मोठा गुण. प्रत्यक्ष रानातल्या चाचण्यांमध्ये आणलेल्या पक्ष्याच्या फासळ्या परीक्षक बोटांनी चाचपतात. त्या कुत्र्याने चिरडलेल्या निघाल्या तर तो बाद होतो. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडचे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनमधल्या केनेल क्लबने ही जात १९०३ साली वेगळी मानली. भारतात ती आज घराघरांत दिसते, पण तिच्या अंगात काय काय भरलेले आहे ते कळायला हे रिंगण पाहावे.

थोड्या अंतरावर याच्या अगदी उलट कारभार असतो. टेरियर जातीच्या छोट्या कुत्र्यांची शर्यत. दोरीच्या टोकाला केसाळ चिंधी बांधतात, दुसऱ्या टोकाला चाक फिरवून ती सरसर ओढतात आणि टेरियर कचाकचा भुंकत मागे सुटतात. शेवटी पेंढ्याचे गठ्ठे रचलेले, त्यांत सगळे एकमेकांच्या अंगावर. फेरेट या मुंगुसासारख्या लांबट प्राण्यांना नळ्यांतून पळवण्याचा खेळही मुले जागची न हलता पाहतात. फेरेट बिळात सोडून सशांना जाळ्यात धरण्याची रीत इंग्लंडच्या खेड्यांत अजून आहे.

ससाणेवाल्यांच्या तंबूत मराठी माणसाला ओळखीच्या खुणा सापडतात. बहिरी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या कातडी टोप्यांचा एक प्रचलित प्रकार ‘अँग्लो-इंडियन’ नावानेच ओळखला जातो. पायाला बांधायच्या घुंगरांमध्ये लाहोरी घुंगरांचा लौकिक मोठा होता. दोन पायांतल्या घुंगरांचे सूर जाणूनबुजून किंचित वेगळे ठेवतात. त्यामुळे झाडीत दडलेल्या पक्ष्याचा आवाज लांबवर पोचतो आणि तो कुठे आहे याचा अंदाज येतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पंजाब-सिंधच्या बाजदारांकडून हे उचलले. प्रात्यक्षिकांमध्ये हल्ली मूळचा अमेरिकेतला हॅरिस हॉक जास्त दिसतो, कारण तो रानात गटाने शिकार करणारा पक्षी असल्याने माणसांत लवकर रुळतो.

मासेमारीच्या तळ्याकाठी सह्याद्रीशी याहूनही जवळचे नाते निघते. ट्राउट आणि सामन यांच्यासाठी गळाला आमिष न लावता पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली बनावट माशी लावतात. तिला वजन जवळजवळ नसतेच; फेकले जाते ते जड सूत, आणि माशी त्यामागून जाते. त्यामुळे मनगटापेक्षा लय महत्त्वाची. मागे नेलेले सूत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे फेकायचे, एवढे शिकवायला शिक्षक तळ्याकाठी दिवसभर उभे असतात. बाजूच्या टेबलावर कारागीर चिमट्यात गळ धरून माशा बांधत असतात. व्हिक्टोरियन काळात सामनसाठी बांधलेल्या बनावट माश्यांमध्ये, उदाहरणार्थ प्रसिद्ध ‘जॉक स्कॉट’मध्ये, दोन्ही बाजूंना एक चमकदार पिवळसर ठिपक्याचे पीस असते. हे पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे. पश्चिम घाटातल्या जंगलांत पहाटे आरवणारा हा आपला पक्षी. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब गोठल्यासारखा कडक ठिपका असतो, जो पाण्यातही चकाकतो. स्कॉटलंडच्या नद्यांत मासा फसावा म्हणून भारतातल्या जंगलांतून या कोंबड्यांच्या माना जहाजांतून जात. भारताने ही निर्यात थांबवल्यावर ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे वापरात आली. टेबलावरच्या डबीतले ते एक पीस हातात घेऊन पाहावे. माशी बांधणारे हौसेने दाखवतात.

कारागिरांच्या गल्लीत काठ्या करणारे विशेष पाहण्यासारखे. हेझेलच्या फांद्या हिवाळ्यात तोडून वर्षभर किंवा अधिक काळ सुकवतात. मेंढ्याचे शिंग तापवून मऊ करायचे, शिकंज्यात दाबून सपाट करायचे, पुन्हा तापवून वाकवायचे, मग कानस आणि पॉलिश. धनगराच्या काठीचा आकडा असा तयार होतो. शिंग जास्त तापले तर करपते, कमी तापले तर तडकते. चुन्याशिवाय दगडी गडगे रचणारे, कुंपणाची जिवंत झाडे अर्धवट कापून आडवी विणणारे, घोड्यांना नाल ठोकणारे यांचीही प्रात्यक्षिके असतात. खाण्यात हरणाच्या मांसाचे बर्गर, फेझंटचे मांस भरून भाजलेले ‘पाय’ आणि सफरचंदाची सायडर. कपड्यांत ट्वीड हे जाड लोकरी कापड, मेण दिलेली जाकिटे आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. काही इस्टेटी आपल्या गेमकीपरांसाठी खास विणीचे ट्वीड करून घेतात, आणि जाणकार कापडावरून इस्टेट ओळखतात.

मेळ्याला राजकीय बाजू आहे आणि ती टाळून ही नोंद पुरी होत नाही. कुत्र्यांच्या कळपाने कोल्ह्याची शिकार करण्यावर इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली, ती फेब्रुवारी २००५ पासून लागू झाली. त्याआधी सप्टेंबर २००२ मध्ये अशा बंदीच्या विरोधात लंडनला निघालेल्या ग्रामीण मोर्चात चार लाखांवर लोक होते. रिंगणात शिकारी कुत्र्यांचे कळप संचलनासाठी आणले जातात तेव्हा तो वाद हवेत असतोच. पक्ष्यांच्या शिकारीवरही कडक टीका होते. दरवर्षी कोट्यवधी फेझंट पिंजऱ्यांत वाढवून गोळीसाठी रानात सोडले जातात, हा त्यातला सर्वांत बोचरा मुद्दा. ग्राउझच्या माळांवर हॅरियरसारखे शिकारी पक्षी बेकायदा मारले जातात, हा दुसरा. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राउझ शिकारीला परवाना सक्तीचा केला. शिशाच्या छऱ्यांनी पाणपक्षी आणि माती विषारी होते, म्हणून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नऊ संघटनांनी पाच वर्षांत ते सोडण्याचे आवाहन केले. हे आक्षेप खरे आहेत. तितकेच खरे आहे की शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासातून शेतीला उपयोगी ज्ञान निघाले. ससेक्समध्ये अनेक दशके चाललेल्या पाहणीने दाखवले की तितराची पिले कीटकांवर जगतात, आणि शेतातली फवारणी वाढली की कीटक संपतात, पिले उपाशी मरतात. त्यावर उपाय म्हणून शेताच्या मधोमध गवताचे उंच बांध राखायची पद्धत पुढे आली. त्या बांधांत हिवाळा काढणारे भुंगे उन्हाळ्यात पिकावरचा मावा खातात. मेळ्यातल्या संवर्धन संस्थांच्या तंबूंत हे सविस्तर समजावून देतात आणि तिथे गर्दी कमी असते, त्यामुळे निवांत बोलता येते.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी आहे. कोल्हापूर दरबाराचे काळवीट धरणारे पाळीव चित्ते ही आता इतिहासातली गोष्ट. त्यामुळे इथून गेलेल्या माणसाला शिकारीचा उघड उत्सव अवघड वाटणे स्वाभाविक आहे. मारण्याला संमती न देताही मेळा पाहता येतो. तिथला बहुतेक भाग राखण्याचा, शिकवण्याचा आणि घडवण्याचा आहे.

स्कॉटलंडचा मेळा पर्थजवळच्या स्कोन पॅलेसच्या आवारात १९८९ पासून भरतो, तर आयर्लंडमध्ये अँट्रिमचा शेन्स कॅसल आणि ऑफलीतला बर कॅसल ही जुनी ठिकाणे. यांखेरीज गावोगावी एका शेतापुरते छोटे मेळे होतात, जिथे तिकीट स्वस्त, रिंगण दोरीचे आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखणारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी असा छोटा मेळा गाठावा. कुत्रा बरोबर न्यायची बहुतेक ठिकाणी मुभा असते, पट्टा मात्र हवा, आणि उन्हात त्याला गाडीत कोंडून ठेवू नये. आयोजक याबाबत वारंवार बजावतात. दुपारनंतर मोठ्या रिंगणाभोवती जागा मिळत नाही, म्हणून कुत्र्यांच्या चाचण्या सकाळी पाहून घ्याव्यात. जुलै असला तरी रबरी बूट न्यावेत.