डीएनए ओरिगामी आणि कर्करोग: औषध नेमके किती मावते?

डीएनए हे बांधकामाचे सामान म्हणून वापरता येईल, ही कल्पना 1982 मध्ये कागदावर आली आणि 1991 मध्ये डीएनएचा पहिला घन प्रत्यक्षात उतरला. कर्करोगाशी या साऱ्याचा तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. तो जुळायला सुरुवात झाली 2006 नंतर, ओरिगामीची पद्धत आल्यावर.

या पद्धतीत एम13 या विषाणूचा 7,249 बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरे) एकपदरी डीएनए धागा घेतात. त्याला ठरलेल्या जागी दुमडून धरणारे, साधारण 32 बेसचे दोनशेहून अधिक डीएनए तुकडे, म्हणजे ‘स्टेपल’, त्यात मिसळतात आणि मिश्रण 95 अंशांवरून 20 अंशांपर्यंत हळूहळू थंड करतात. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, 12.5 मिलिमोलर मॅग्नेशियम असते. शेजारशेजारच्या दुपेडी दंडांवरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात, त्यांना आवरायला ते हवेच. पुढच्या निम्म्या अडचणींचे मूळ या मॅग्नेशियमातच आहे.

2012 हे वर्ष गाजले. अ‍ॅप्टामरची (म्हणजे ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या डीएनए तुकड्यांची) दोन कुलपे असलेली, अँटिबॉडीचे तुकडे पोटात घेतलेली 35 बाय 35 बाय 45 नॅनोमीटरची डबी तेव्हा ‘रोबॉट’ म्हणून प्रसिद्ध झाली. दोन्ही कुलपांच्या चाव्या पेशीच्या पृष्ठभागावर असतील तरच ती उघडे. हे प्रयोग पेशींच्या कल्चरमधले होते, प्राण्यांमधले नव्हेत. बातम्यांत हा फरक फारसा उरला नाही. त्याच वर्षी एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारे आरएनएचे छोटे तुकडे) वाहणारी डीएनएची चतुष्फलके उंदरांना टोचण्यात आली. रक्तातले त्यांचे अर्धायुष्य सुमारे 24 मिनिटे भरले; सुट्या एसआयआरएनएचे जेमतेम 6. आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध भरलेली ओरिगामी औषधाला न जुमानणाऱ्या स्तनकर्करोगाच्या पेशींनाही मारते, असे निष्कर्षही याच वर्षी आले.

या शेवटच्या निष्कर्षांपाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढची बरीच वर्षे त्यांच्याच पायावर काम होत राहिले. डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये सरकून बसते. त्यामुळे ओरिगामी आणि औषध एकत्र ठेवायचे, काही ठिकाणी चक्क चोवीस तास, मग सेंट्रिफ्यूज फिरवायचे, तळाशी बसलेला लाल थर म्हणजे ‘भरलेले’ औषध धरायचे आणि वरच्या द्रावात उरलेले वजा करायचे, अशी रीत पडली. गोम अशी की डॉक्सोरुबिसिनला तळाशी बसायला डीएनए लागतच नाही. पीएच 8 च्या वर गेला की त्याच्या अमिनो गटावरचा धन भार कमी होतो, रेणू एकमेकांना चिकटतात, आणि भरपूर मॅग्नेशियम असेल तर आणखीच. ओरिगामीचा नेहमीचा बफर नेमका असाच असतो. म्हणजे तळाच्या लाल थरात किती औषध डीएनएत बसलेले आणि किती नुसत्याच गुठळ्या, हे त्या रीतीने कळणे शक्यच नव्हते. डीएनए न घालता, बाकी सगळे तसेच ठेवून एक नळी फिरवली असती तरी ते उघड झाले असते.

2021 मध्ये एका गटाने वर्णपटांच्या आधारे याचा छडा लावला. दर दोन ते तीन बेस-जोड्यांमागे एक रेणू, एवढीच जागा असते, मग ओरिगामीचा आकार कोणताही असो. समतोल काही सेकंदांत साधतो; चोवीस तासांची गरज नाही. हिशेब करून पाहा: एका ओरिगामीत सुमारे 7,249 बेस-जोड्या धरल्या, तर 2 नॅनोमोलर ओरिगामी म्हणजे सुमारे 14.5 मायक्रोमोलर बेस-जोड्या, आणि त्यात फार तर 5 ते 7 मायक्रोमोलर औषध मावेल. कोणी 100 मायक्रोमोलर औषध घालून त्यातले बहुतेक ‘भरले’ असे लिहीत असेल, तर ते बसले कुठे? आकाराने फरक पडतो तो औषध सुटण्याच्या वेगात. डीएनए तोडणारे डीएनएज-1 हे विकर (एन्झाइम) घातल्यावर निरनिराळ्या रचनांमधला हा फरक शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. पीएच 7.4 ठेवणे आणि 400 ते 600 नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट घेणे, हे शहाणपण तेव्हापासूनचे. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी ओरिगामीमुळे मेल्या की सोबत आलेल्या गुठळ्यांमुळे, हा प्रश्न जुन्या प्रत्येक दाव्याला विचारावाच लागतो.

दुसरा घोळ चकाकीचा. 2019 मध्ये असे दाखवले गेले की रचना बाहेरच तुटते, खूण म्हणून जोडलेल्या साय-5 या चकाकणाऱ्या रंगाचा छोटा तुकडा एकटाच पेशीत शिरतो आणि सूक्ष्मदर्शकात ‘रचना आत गेली’ असे भासते. टिकाऊपणाचे दुखणे तर 2014 पासूनच माहीत होते: कल्चरच्या माध्यमात मॅग्नेशियम 1 मिलिमोलरहूनही कमी, वर सीरममधली विकरे. ओलिगोलायसिन या धन भाराच्या छोट्या साखळीला पीईजी हे पॉलिमर जोडून केलेले वेष्टण 2017 मध्ये आले, तेव्हा कुठे रचना सीरममध्ये बऱ्यापैकी तग धरू लागल्या.

2018 मधल्या ओरिगामीच्या नळीने नेहमीच्या औषधाचा नादच सोडला. 90 बाय 60 नॅनोमीटरचा गुंडाळलेला पत्रा, आत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन, बाहेर गाठीच्या रक्तवाहिन्यांवरचे न्यूक्लिओलिन हे प्रथिन ओळखणारे अ‍ॅप्टामर. गाठीच्या रक्तवाहिन्यांपाशी ती उघडते आणि रक्त गोठवून गाठीची रसद तोडते. उंदरांत परिणाम दिसला. सुरक्षितता छोट्या डुकरांतही तपासली गेली.

उपचारांचा गाजावाजा झाला, पण अभ्यासाचे साधन म्हणून ओरिगामी अधिक भरवशाची ठरली आहे. 2014 मध्ये पेशीवरच्या रिसेप्टरांना (संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) जागे करणारे दोन एफ्रिन रेणू ओरिगामीवर सुमारे 43 किंवा 101 नॅनोमीटर अंतरावर बसवून स्तनकर्करोगाच्या पेशींवर सोडले, तेव्हा जवळच्या जोडीने रिसेप्टर जास्त जागे झाले. त्या पेशींची आक्रमकताही घटली. अंतर हेच औषध, असा हा प्रकार. 2024 च्या रचनेत सहा पेप्टाइडांचा षटकोन पीएच 7.4 ला आत दडलेला राहतो आणि गाठीभोवती असते तशा आम्लतेत, 6.5 ला, उघडा पडून पेशीला मरणाचा संदेश देतो. उंदरांतल्या गाठींची वाढ 70 टक्क्यांपर्यंत कमी झाली.

इथे किती रेणू बसले हे आराखड्यातच ठरलेले असते, निदान कागदावर. स्टेपल किती टक्के रचनांत खरोखर बसतात हे 2018 मध्ये एकेक मोजले गेले: मध्यभागी 95 टक्क्यांपर्यंत, कडेला अवघे 48. षटकोन पत्र्याच्या काठाजवळ आखला तर सहाच्या सहा पेप्टाइडे असलेल्या रचना फारच थोड्या हाती लागतील.