शेकाने प्रतिकारशक्ती जळते?

‘शेक (म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार) घेतला की प्रतिकारशक्ती जळून जाते’ असं रुग्णांचे नातेवाईक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. थोडं तथ्य आहे: लिम्फोसाइट या रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी किरणांपुढे नाजूक, रिपोर्टात त्यांचा आकडा घसरतो. पण फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीत वेगळंही घडतं. मरणाऱ्या कर्कपेशींची प्रथिनं बाहेर पडतात. डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे टेहळे, ती उचलून लसिकाग्रंथीत नेतात, टी-पेशींना (लढणाऱ्या लिम्फोसाइटना) शत्रूची ओळख पटवतात. गाठही कच्च्या गुरूची चेली नव्हे! पीडी-एल१ हे प्रथिन वाढवून ती टी-पेशींना थोपवू शकते. ‘पॅसिफिक’ चाचणीत शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या, तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना केमो आणि किरणोपचारानंतर हा अडसर काढणारं ड्युरव्हॅलुमॅब हे औषध दिलं. ५ वर्षांनी सुमारे ४३ टक्के हयात होते. औषधाविना सुमारे ३३ टक्के.