मृत्युपत्राची नोंदणी वेगळी, प्रोबेट वेगळं

“मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे ना, मग कोर्टात कशाला जायचं?” घरातलं माणूस गेलं, दिवसकार्य उरकलं आणि कागदांची पिशवी उघडली की हा प्रश्न हमखास निघतो. आमची आत्या गेली तेव्हा आमच्याही घरात निघाला. तिच्या मृत्युपत्रावर दुय्यम निबंधकाचा शिक्का होता, दस्त क्रमांक होता, मागे तिचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा होता. एवढं सगळं बघून आम्ही समजलो, सरकारनेच हे मान्य केलंय. तो समज चुकीचा होता.

नोंदणी करताना दुय्यम निबंधक समोरचा माणूस तोच आहे ना, सही त्याचीच आहे ना, हे विचारतो, ओळख पटवून घेतो आणि दस्ताची नक्कल आपल्याकडे ठेवतो. घर खरंच त्या माणसाच्या मालकीचं होतं का, मुलाने दबाव आणला होता का, यात तो शिरत नाही. मुळात 1908च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही केली आणि दोन साक्षीदारांनी रीतसर सह्या केल्या, तरी ते मृत्युपत्रच. आणि बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं: रजिस्टर केलेल्या मृत्युपत्रानंतर त्याच माणसाने नवं, बिननोंदणीचं मृत्युपत्र रीतसर केलं असेल, तर शेवटचं चालतं. शिक्क्यामुळे जुन्याचं वजन वाढत नाही.

मग नोंदणीचा उपयोग काय? मोठा आहे. कागद हरवत नाही. मृत्युपत्रं निबंधकाकडच्या तीन नंबरच्या पुस्तकात नोंदली जातात आणि हे पुस्तक सगळ्यांना खुलं नसतं. फ्लॅटच्या खरेदीखताचा इंडेक्स टू (म्हणजे नोंदणीचा गोषवारा) कोणीही काढू शकतो, मृत्युपत्राचं तसं नाही. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेल्यावर मात्र मृत्यूचा दाखला जोडून कोणीही अर्ज करू शकतो. “आम्हाला मृत्युपत्र दाखवतच नाहीत” म्हणून रडकुंडीला आलेल्या बहिणींना मी हे आवर्जून सांगते: ते रजिस्टर झालं असेल तर भावाच्या पाया पडायची गरज नाही, नक्कल मागा. काही जण मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवतात. तेही मृत्यूनंतर अर्ज केल्यावर अर्जदारासमोर उघडलं जातं आणि त्याच पुस्तकात उतरवलं जातं.

प्रोबेट ही कोर्टाची गोष्ट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे त्यातल्या इच्छा अमलात आणणारा माणूस, अर्ज करतो आणि मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा होतं. वारसांना नोटीस जाते. कोणी कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नका, असा अर्ज) टाकून हरकत घेतली, तर अर्जाचा दावा होतो, साक्षी होतात. शेवटी कोर्ट सांगतं की हे त्या व्यक्तीचं खरं, शेवटचं मृत्युपत्र आहे. एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही, तिथे मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा कोर्टाचा अधिकार, मागावं लागतं. आणि प्रोबेटलाही मर्यादा आहे: मृत्युपत्र खरं ठरतं, पण त्यात लिहिलेली जमीन मयताचीच होती की वडिलोपार्जित, हे तिथे ठरत नाही. त्यासाठी दिवाणी दावा वेगळा.

मुंबईकरांच्या मनात हा गोंधळ जास्त, त्याला कारणही होतं. याच उत्तराधिकार कायद्याच्या कलम 213मुळे हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांचं मृत्युपत्र मुंबईत झालेलं असेल किंवा त्यात मुंबईतली स्थावर मालमत्ता असेल, तर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. त्यामुळे पुण्यातली मालमत्ता पुण्यात केलेल्या मृत्युपत्रावर नावावर होई आणि दादरच्या दोन खोल्यांसाठी मात्र हायकोर्टात जावं लागे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलमच वगळलं. सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. भावंडांत वाद असेल, दोन मृत्युपत्रं पुढे आली असतील, तर ते घेऊन ठेवणं मला आजही शहाणपणाचं वाटतं. प्रोबेटचा निर्णय फक्त अर्जदारापुरता राहत नाही, तो सगळ्यांना लागू होतो.

आत्याच्या कागदाकडे परत येते. त्यावर चार सह्या होत्या आणि आम्ही चौघांनाही साक्षीदार धरत होतो. वकिलांनी बोट ठेवून दाखवलं: खालच्या दोन सह्या मृत्युपत्राच्या साक्षीदारांच्या, मागच्या दोन निबंधकासमोर आत्याची ओळख पटवणाऱ्यांच्या. आम्हाला हवे होते पहिले दोघे, कारण मृत्युपत्र रजिस्टर असो वा नसो, ते शाबीत करायला साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी उभं करावं लागतं. एक काका वारले होते. दुसऱ्या काकूंचा पत्ता आत्याच्या जुन्या फोनच्या वहीत सापडला, सांगलीचा. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून सही पाहिली आणि म्हणाल्या, “माझीच आहे. त्या दिवशी तिने आम्हाला पोहे केले होते.” प्रतिज्ञापत्रावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली.