स्कॉटलंडचं सार्वमत: एका ओळीच्या प्रश्नामागची तीनशे वर्षं

१८ सप्टेंबर २०१४, गुरुवार. एडिनबरोत सकाळपासून धुकं होतं. लीथ भागातल्या आमच्या इमारतीजवळच्या शाळेत मतदान केंद्र होतं. आत गेलो तर बोटाला शाई नाही, कुणी ओळखपत्र मागितलं नाही. आडोशाला एक फळी आणि फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल. इंग्लंडशी असलेला तीनशे सात वर्षांचा संसार मोडायचा की नाही, हे पेन्सिलीने ठरवायचं! खोडाखोडीच्या अफवा इतक्या पसरल्या होत्या की काही लोक घरून पेन घेऊन आले होते. कागदावर एकच प्रश्न होता, स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकोन, एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा.

माझा पासपोर्ट भारताचा, तरी मला मत होतं. राष्ट्रकुलातल्या आणि युरोपीय संघातल्या देशांचे जे नागरिक स्कॉटलंडमध्ये रीतसर राहत होते, ते सगळे यादीत होते. वयाची अटही सोळावर आणलेली. उलट जन्माने स्कॉटिश पण पोटापाण्यासाठी इंग्लंडात गेलेल्या माणसाला मत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीकडे झुकलेल्या एक बाई राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायचो. त्यांचा मुलगा न्यूकॅसलला. "तू मत देणार आणि माझा पोरगा नाही, गंमतच आहे," असं त्या जिन्यात एकदा म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आजींनी 'हो'वर फुली मारली की 'नाही'वर, ते मला आजतागायत माहीत नाही. पण फुली मारताना त्यांच्या मनात काय काय असेल, ते वर्षभर जिन्यातल्या गप्पांमधून थोडंफार कळत गेलं होतं. नीट समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

दोन्ही देशांचा राजा १६०३ पासून एकच होता. स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स म्हणून बसला. पण संसदा मात्र वेगळ्या राहिल्या. त्या एक कशा झाल्या, ही गोष्ट आमच्या लीथच्या बंदरातूनच सुरू होते. जुलै १६९८ मध्ये इथून पाच जहाजं सुमारे बाराशे माणसं घेऊन निघाली, ती पनामाच्या डॅरिएनला स्कॉटलंडची वसाहत थाटायला. त्या कंपनीत सरदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांनी पैसे घातले होते. ताप, उपासमार, स्पॅनिशांचा वेढा आणि इंग्रजांनी मदत करायला दिलेला नकार, यात वसाहत दोन वर्षांत संपली. माणसं गेली आणि देशाची गंगाजळीही गेली. पुढे १७०७ च्या करारात इंग्लंडने स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड द्यायचं कबूल केलं. त्यातला मोठा हिस्सा याच बुडालेल्या भागधारकांची भरपाई करण्यासाठी होता. म्हणजे देश विकला असं म्हणायचं, की दिवाळं निघालेल्या घराने शहाणपणाने हातमिळवणी केली असं म्हणायचं? हा वाद तेव्हाही होता आणि आजही एडिनबरोच्या पबमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर निघतो. एक मात्र खरं की सामान्य माणसाला तेव्हा कुणी विचारलं नाही. एडिनबरोत आणि ग्लासगोत लोकांनी दंगे केले आणि संसदेने करार मंजूर केला. तारीख, त्या वेळच्या पंचांगाप्रमाणे, १६ जानेवारी १७०७. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

करारात स्कॉटलंडने तीन गोष्टी स्वतःकडे ठेवल्या: आपलं चर्च, आपले कायदे व कोर्टं आणि आपलं शिक्षण. त्यामुळे राज्य गेलं तरी देश असल्याची भावना टिकली. पुढची दोन शतकं साम्राज्याची, आणि त्यात स्कॉट लोकांनी भरपूर हात मारला. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश आणि विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिश. साम्राज्य जोरात होतं तोवर लंडनशी संसार फायद्याचा होता. ते आटल्यावर हिशोब मागायला सुरुवात झाली. स्वातंत्र्य मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी १९३४ साली निघाली, पण १९६७ मध्ये विनी यूइंग हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकेपर्यंत तिला फारसं कुणी विचारत नव्हतं.

मग उत्तर समुद्रात तेल सापडलं. सत्तरच्या दशकात 'हे तेल स्कॉटलंडचं आहे' ही घोषणा भिंतींवर आली. १९७४ साली गॅव्हिन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञाने एक अहवाल लिहिला. या तेलाच्या जोरावर स्वतंत्र स्कॉटलंडचं चलन युरोपातल्या भक्कम चलनांत गणलं जाईल, असा त्याचा सूर होता. अहवाल दडपून ठेवला गेला आणि थेट २००५ मध्ये बाहेर आला. २०१४ च्या प्रचारात 'हो'वाल्यांच्या तोंडी मॅक्रोनचं नाव सारखं असायचं. 'आम्हाला सांगितलंच नाही' ही तक्रार माणूस सहज विसरत नाही.

पण आजींच्या तोंडून मी सर्वांत जास्त ऐकलं ते १९७९ बद्दल.

त्या वर्षी १ मार्चला पहिलं सार्वमत झालं. प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, एडिनबरोला मर्यादित अधिकारांची विधानसभा द्यावी का, एवढाच होता. 'हो'ला ५१.६ टक्के मतं पडली. म्हणजे जिंकले? नाही. लंडनच्या संसदेत एक दुरुस्ती घुसवलेली होती: 'हो'ची मतं एकूण नोंदणीकृत मतदारांच्या निदान ४० टक्के हवीत. ती भरली ३२.९ टक्के. याचा अर्थ जो घरी झोपला त्याचं मत 'नाही'. जो दुसऱ्या गावी गेला पण नाव यादीत राहिलं, त्याचंही 'नाही'. आणि जो वारला पण यादीतून नाव निघालं नाही, त्याचंसुद्धा 'नाही', असं लोक म्हणत. आजींनी तेव्हा 'हो' म्हटलं होतं. "आम्हाला मेलेल्यांनी हरवलं," असं त्या म्हणायच्या. ही दुरुस्ती आणणारा जॉर्ज कनिंगहॅम हा खासदार लंडनच्या इझ्लिंग्टनचा, पण जन्माने स्कॉटिश. घरचाच माणूस. हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढायचा.

त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमधलं मजूर पक्षाचं कॅलहन सरकार अविश्वास ठरावावर एका मताने पडलं, ३११ विरुद्ध ३१०. त्या ठरावात स्कॉटिश नॅशनल पार्टीचाही हात होता. मग निवडणूक आणि मार्गारेट थॅचर. पुढची अठरा वर्षं स्कॉटलंड बहुतांशी मजूर पक्षाला मत देत राहिलं आणि लंडनहून राज्य मात्र हुजूर पक्षाचं. दरडोई कर, ज्याला लोक पोल टॅक्स म्हणत, तो स्कॉटलंडमध्ये १९८९ ला लागू झाला, इंग्लंडपेक्षा एक वर्ष आधी. राजवाड्यातल्या सरदाराला आणि चाळीतल्या विधवेला डोक्याप्रमाणे कर. आजींनी तो भरला नाही, नोटिसा आल्या तरी भरला नाही. त्यांचे यजमान मदरवेलच्या रेव्हन्सक्रेग पोलाद कारखान्यात होते. १९९२ मध्ये तो बंद झाला आणि हे कुटुंब काही वर्षांनी मुलीजवळ एडिनबरोला आलं.

त्यानंतरचं भराभर सांगतो, कारण ते सरळ आहे. १९९७ मध्ये टोनी ब्लेअरच्या सरकारने पुन्हा विचारलं आणि ७४.३ टक्के लोकांनी संसद मागितली. १९९९ ला ती भरली. २००७ ला स्कॉटिश नॅशनल पार्टीचे अ‍ॅलेक्स सॅमंड तिथल्या अल्पमतातल्या सरकारचे प्रमुख झाले. २०११ ला त्यांच्या पक्षाला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. ही निवडणूक पद्धत अशी आहे की एका पक्षाला बहुमत मिळणं जवळजवळ अशक्य समजलं जायचं. जाहीरनाम्यात सार्वमताचं वचन होतं, ते आता पाळणं भाग पडलं. १५ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आणि सॅमंड यांनी सार्वमत घेण्याच्या एडिनबरो करारावर सह्या केल्या. आधी ठरलेली शब्दरचना 'तुम्हाला मान्य आहे का, की...' अशी होती. निवडणूक आयोगाने ती बदलायला लावली, कारण असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. ज्यांनी आपल्याकडचे सरकारी अर्ज भरलेत त्यांना हे पटेल.

प्रचार दोन वर्षं चालला आणि त्याने घरं दुभंगली असं म्हणतात. मला दिसलं ते थोडं वेगळं. दुभंग आला तो माणसाच्या आतच. आजींना १९७९ चा आणि पोल टॅक्सचा हिशोब चुकता करायचा होता, आणि त्याच आजींना पेन्शन कोण देणार याचीही चिंता होती. न्यूकॅसलचा मुलगा परदेशी होणार का, हा त्यांचा प्रश्न कुणी वक्ता फारसा घेत नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एडिनबरोला येऊन सांगून गेले की स्वतंत्र झालात तर पौंडात भागीदारी मिळणार नाही. लंडनच्या तिन्ही मोठ्या पक्षांनी तेच म्हटलं. सॅमंड म्हणाले, ही नुसती धमकी आहे. त्याच महिन्यात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोसो यांनी सांगितलं की स्वतंत्र स्कॉटलंडला संघात प्रवेश मिळणं फार अवघड आहे. दहा-पंधरा दिवसांवर मतदान आलं आणि ७ सप्टेंबरच्या पाहणीत 'हो' ५१, 'नाही' ४९. लंडनची झोप उडाली. मोठ्या बँकांनी मुख्यालयं इंग्लंडला हलवण्याची भाषा केली. राणीने बाल्मोरलजवळच्या चर्चबाहेर, लोकांनी भविष्याचा नीट विचार करावा, एवढंच पण पुरेसं बोलून घेतलं. १६ तारखेला तिन्ही पक्षनेत्यांच्या सह्यांचं जादा अधिकारांचं वचन वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकलं.

आमच्या जिन्यात तेव्हा खिडक्यांवरून माणसं ओळखली जायची. समोरच्या घरात निळा 'येस', वरच्या घरात 'नो थँक्स'. तिसऱ्या मजल्यावरच्या पोलिश जोडप्याच्या खिडकीत काही नाही, पण नवरा उघड सांगायचा: संघातून बाहेर पडायची जोखीम नको, म्हणून 'नाही'. आजींच्या खिडकीत जिरेनियमची कुंडी होती तीच राहिली. कचऱ्याचे डबे बाहेर काढताना लोक हवामानावर जरा जास्तच बोलायला लागले होते.

मतदान ८४.६ टक्के झालं. रात्रभर टीव्हीसमोर बसलो. दीडच्या सुमाराला पहिला निकाल क्लॅकमॅननशरचा आला, 'नाही'. तिथे 'हो'ची अपेक्षा होती, म्हणजे चित्र तिथेच कळलं. डंडी, ग्लासगो, वेस्ट डनबार्टनशर आणि नॉर्थ लॅनार्कशर या चारच भागांनी 'हो' म्हटलं, बत्तीसपैकी. चौथा भाग मदरवेलचा, आजींच्या जुन्या घराचा. एकूण 'नाही' २०,०१,९२६, 'हो' १६,१७,९८९. सकाळी सातला कॅमेरन बोलायला उभे राहिले आणि आनंदाच्या त्याच भाषणात इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांचं मत हवं, हा विषय काढला. कालच्या वचनाची शाई वाळली नव्हती. सॅमंड यांनी त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला.

पण सात-आठ महिन्यांनी नवल घडलं. मे २०१५ च्या निवडणुकीत हरलेल्या बाजूच्या पक्षाने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा नेल्या. इंग्रजी वर्तमानपत्रं चक्रावली. गोव्यातल्या वाचकाला मात्र हे ओळखीचं वाटेल. १६ जानेवारी १९६७ ला (डॅरिएनच्या पैशांचा करार मंजूर झाला त्याच तारखेला, दोनशे साठ वर्षांनी) गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आणि लगेच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणारा बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षच पुन्हा सत्तेवर आला. लोकांनी कौल एका गोष्टीवर दिला आणि राज्य कुणी करावं हे वेगळं ठरवलं. पुढाऱ्यांना यात विसंगती दिसते. मतदाराला ती दिसत नाही, कारण त्याला दोनदा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले.

तेलाचा भाव मतदानाच्या उन्हाळ्यात पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, जानेवारीत पन्नासच्या खाली आला. 'नाही'वाले म्हणाले, बघा वाचलात. आजी काहीच म्हणाल्या नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय एडिनबरोची संसद दुसरं सार्वमत घेऊ शकत नाही, आणि सध्या तो विषय तिथेच अडकून आहे.

त्याआधी जून २०१६ आला, ब्रेक्झिटच्या सार्वमताचा. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं आणि तरी बाहेर पडलं. त्या वेळी मतदारयादीचे नियम वेगळे होते. राष्ट्रकुलवाल्यांना मत होतं, युरोपीय संघातल्या बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हतं. मे महिन्यात खालच्या पेट्यांमधून मी टपाल काढत होतो. माझ्या नावाचं मतदार कार्ड होतं, आजींचं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा पोलिश शेजारी मागून आला, त्याने स्वतःची पेटी उघडली, त्यात पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात होती. त्याने माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग? काय देणार आहेस?"