प्री आर्स इलेक्ट्रॉनिका (संगीत विभाग)

ऑस्ट्रियातील लिंत्स शहरातून दिला जाणारा इलेक्ट्रॉनिक व प्रयोगशील संगीताचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार. डॅन्यूबकाठच्या या औद्योगिक शहरात आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव १९७९ मध्ये सुरू झाला. पुरस्कारांची भर १९८७ मध्ये पडली. त्यामागे ओआरएफ या ऑस्ट्रियन नभोवाणी संस्थेच्या प्रादेशिक केंद्राचे हानेस लेओपोल्डसेडर यांचा पुढाकार होता. आरंभी संगणक-ग्राफिक्स, संगणक-अ‍ॅनिमेशन आणि संगणक-संगीत असे तीनच विभाग होते.

सर्वोच्च सन्मान ‘गोल्डन निका’. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील सॅमोथ्रेसच्या पंखधारी विजयदेवतेची ही सोनेरी प्रतिकृती; मूळ शिल्पाप्रमाणे हिलाही शिर नाही. त्याखालोखाल दोन विशेष पारितोषिके आणि काही उल्लेखनीय कृतींची नोंद असते. प्रदान समारंभ सप्टेंबरमध्ये महोत्सवाच्या काळात होतो.

पहिल्याच वर्षी संगीताचा मान पॉप गायक पीटर गॅब्रिएल आणि ध्वनिशास्त्रज्ञ-संगीतकार झाँ-क्लोद रिसे या दोघांना मिळाला. पुढची दहाएक वर्षे मात्र पारडे स्टुडिओत रचलेल्या संगीताकडेच झुकलेले दिसते : काया सारिआहो (१९८९), बेर्नार पार्मेजियानी (१९९३), ट्रेव्हर विशार्ट (१९९५). १९९८ मध्ये पेटर बॉश व सिमोने सिमोन्स यांची विजेती कृती ‘क्राख्तखेवर’ या चाकोरीबाहेरची होती. स्प्रिंगांनी जोडलेली लाकडी खोकी, त्यांना थरथरवणाऱ्या मोटारी आणि त्या मोटारींची गती बदलणारा संगणक, एवढाच हा वाद्यमेळ. गती खोक्यांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की सगळा डोलारा गरजू लागतो. पुढच्याच वर्षी विभागाचे नाव बदलून ‘डिजिटल संगीत’ झाले आणि निका इलेक्ट्रॉनिक संगीतकार एफेक्स ट्विन व दिग्दर्शक ख्रिस कनिंगहॅम यांना गेली. विद्यापीठीय वर्तुळाला हा निवाडा रुचला नाही. पण घरच्या संगणकावर संगीत करणाऱ्यांना दार उघडले ते तेव्हाच, आणि पुरस्काराचे आजचे वजनही त्या निर्णयातूनच आले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरच्या मानकऱ्यांमध्ये संगीताची व्याख्याच ताणून पाहणारे अनेक आहेत. यासुनाओ तोने (२००२) सीडीच्या चकचकीत बाजूला सुईने टोचलेली चिकटपट्टी लावत. सीडी प्लेअरमध्ये ओरखडे भरून काढणारी चूक-दुरुस्तीची यंत्रणा असते. सीडीवर ध्वनी ज्या आकड्यांत साठवलेला असतो ते पट्टीमुळे असे बदलतात की ही यंत्रणा चकते आणि चुकीच्या आकड्यांचाच आवाज वाजवते. तीच सीडी पुन्हा लावली तर तोच आवाज येईल याची खात्री नाही. उलट एलियान रादिग (२००६) यांच्या रचनेत बदल इतका संथ, की तो कधी झाला ते कळतच नाही. २०१७ ची निका तर आग्नेय आशियातील गोंगाट-संगीतावरच्या एका पुस्तकाला मिळाली.

नेलो आकामात्सु यांची २०१५ ची विजेती कृती समजायला सर्वांत सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तरंगणारी चुंबकीय केलेली शिवणाची सुई, आणि पेल्याबाहेर तांब्याच्या तारेचे वेटोळे. एरवी सुई होकायंत्रासारखी उत्तर-दक्षिण स्थिरावते. तारेतून क्षणभर वीज सोडली की ती खेचली जाऊन काचेवर आपटते आणि बारीक किणकिण होते. असे अनेक पेले खोलीभर मांडलेले असतात.

पुरस्कार वार्षिक असला तरी संगीत विभाग २०१३ पासून वर्षाआड घेतला जातो. मधल्या वर्षी त्याची जागा दुसरे विभाग घेतात. प्रवेशशुल्क नाही. प्रवेशिका ऑनलाइन घेतल्या जातात, त्या वसंत ऋतूत तज्ज्ञांचे मंडळ तपासते.

मंडळासमोर बहुतेकदा कृती नव्हे, तिचे ध्वनिमुद्रण असते. अशा संगीताची गाडी अडते ती इथे. आठ ध्वनिक्षेपकांसाठी रचलेली कृती नुसती डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत (स्टिरिओत) मिसळली, तर किंचित उशिराने येणारे सारखे ध्वनी एकमेकांना खोडतात आणि स्वर पोकळ ऐकू येतो. म्हणून दोन वाहिन्यांची प्रत वेगळी बांधावी, किंवा हेडफोनसाठी बायनॉरल, म्हणजे दोन कानांना ऐकू येते तसे दिशेचा भास देणारे, मुद्रण द्यावे. ४० हर्ट्झचा खर्ज लॅपटॉपच्या ध्वनिक्षेपकातून जवळजवळ येतच नाही. सारी कृती त्यावर उभी असेल तर तशी सूचना प्रवेशिकेत ठळक लिहावी. मांडणीकृतीचा (खोलीत मांडून दाखवायच्या कृतीचा) व्हिडिओ करताना कॅमेऱ्यातील मायक्रोफोनवर विसंबू नये. त्याची आपोआप पातळी राखणारी सोय शांत जागी खोलीची घरघर वर आणते आणि मोठा आवाज दाबते. सुयांच्या किणकिणीसारखी कृती त्यात पार बुडते. ध्वनी वेगळ्या मुद्रकावर, पातळी हाताने ठरवून घ्यावा आणि चित्राशी नंतर जुळवावा.